कोड चालतो म्हणून तो विश्वासार्ह ठरत नाही

हल्ली आपल्या बैठकांमध्ये एक वाक्य वारंवार कानावर येते: "ॲप बनवायला आता प्रोग्रामर लागत नाही." हे वाक्य अर्धे खरे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला मराठीत किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले की पंधरा मिनिटांत फॉर्म तयार होतो, बटण तयार होते आणि भरलेली माहिती क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसते. पण तिथे बसलेली माहिती कुणाकुणाला दिसते? ती खरोखर पोहोचली हे कशावरून ठरवायचे? नेटवर्क गेले, तर अर्धवट राहिलेल्या नोंदीचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे त्या पंधरा मिनिटांत मिळत नाहीत. वाक्याचा उरलेला अर्धा भाग इथे आहे आणि नुकसानही इथेच होते.

आता कुणी विचारेल, समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईने कोडबद्दल का लिहावे? कारण सोपे आहे. आमचे काम नोंदींचे आहे. वस्तीतील किती मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, कुणाचे जात वैधता प्रमाणपत्र आले नाही, कुणाचा उत्पन्नाचा दाखला मुदत संपल्याने बाद झाला, हे आम्ही अनेक वर्षे वहीत लिहीत आलो. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा २.५ लाख रुपये आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. एका कागदासाठी एका मुलाचे वर्ष वाया जाते. म्हणून कोण कुठे अडले आहे, हे सर्व कार्यकर्त्यांना वेळेवर कळणे गरजेचे. वहीतून हे शीटमध्ये गेले आणि शीट सगळ्यांच्या हातात फिरू लागल्यावर आम्ही छोटे ॲप करायचे ठरवले. कोडिंग शिकलेला वस्तीतलाच एक मुलगा लॅपटॉपवर बसला, मी शेजारी बसले. कोड लिहिणार होती मशीन.

त्या मशीनचे नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका मशीनचा नाही.

आधी रचना समजून घेऊ. ॲप मोबाइलवर असते, माहिती दूरच्या सर्व्हरवर असते आणि दोघांच्या मध्ये इंटरनेट असते. आम्ही सुपाबेस ही सेवा निवडली. तिच्या पोटात पोस्टग्रेस हा जुना, मुक्त स्रोताचा, भरवशाचा डेटाबेस आहे. ॲपने डेटाबेसशी बोलायचे तर किल्ली लागते, आणि इथे दोन प्रकारच्या किल्ल्या असतात. एक उघडी किल्ली, जी ॲपमध्ये ठेवण्यासाठीच आहे. ती कुणीही ब्राउझरमधून वाचू शकतो, हे गृहीत धरलेलेच असते. दुसरी गुप्त किल्ली. तिला कोणताही नियम अडवत नाही, म्हणून ती फक्त सर्व्हरवर ठेवायची, ॲपमध्ये कधीही नाही.

मग उघडी किल्ली सगळ्यांच्या हातात असताना माहिती सुरक्षित कशी राहते? त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये 'रो लेव्हल सिक्युरिटी' आहे. म्हणजे प्रत्येक नोंदीच्या दाराशी उभा असलेला नियम. 'ही नोंद ज्या वस्तीची आहे, त्या वस्तीच्या कार्यकर्त्यालाच दिसेल', असा नियम डेटाबेसमध्येच लिहून ठेवता येतो. हा नियम चालू असेल तर उघडी किल्ली निरुपद्रवी आहे. चालू नसेल तर ती किल्ली म्हणजे चौकात टांगलेली कपाटाची चावी.

मशीनने पहिल्याच फटक्यात कोड दिला. यादी दिसली, फॉर्म भरला, नोंद झाली. मुलगा खुश झाला, "ताई, चाललं बघा!" मी विचारले, "लॉगिन न करता कुणी हाच पत्ता उघडला तर?" त्याने दुसरा ब्राउझर उघडला, ती उघडी किल्ली घेतली आणि थेट डेटाबेसला विनंती पाठवली. संपूर्ण यादी समोर आली. टेबल बनवणाऱ्या कोडमध्ये नियम चालू करण्याची ओळच नव्हती. आम्ही चाचणीसाठी खोटी नावे भरली होती, म्हणून कुणाचे काही बिघडले नाही. पण खरी नावे भरली असती तरी स्क्रीनवर सगळे असेच ठीकठाक दिसले असते, हे लक्षात घ्या.

मशीनला दोष सांगितला. तिने लगेच माफी मागितली आणि नियम लिहून दिला. नियमाचे नाव भारदस्त होते, आत अट एकच होती: 'खरे'. म्हणजे कुणीही विचारले तरी उत्तर हो. नियम असल्याची नोंद झाली, नियम मात्र नव्हताच. कागदावर समिती स्थापन करून ती कधीच न बसवण्याची पद्धत आपल्याला काही नवी नाही!

आम्ही पुन्हा सांगितले की ज्याची वस्ती त्यालाच दिसले पाहिजे. या वेळी तिने लिहिलेला नियम कार्यकर्त्यांच्या टेबलवर बसून त्याच टेबलला पुन्हा प्रश्न विचारत होता, म्हणून डेटाबेसने अनंत पुनरावृत्तीची एरर दिली. यावर मशीनचा उपाय काय? ॲपमध्ये गुप्त किल्ली घाला. घातली असती तर एरर खरोखर गेली असती, कारण गुप्त किल्लीला नियम लागूच होत नाहीत. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून टाकण्यासारखे हे झाले. मुलाने सुपाबेसची कागदपत्रे उघडून पाहिली. ही किल्ली ॲपमध्ये ठेवू नका, असा स्पष्ट इशारा तिथे होता. शेवटी सदस्यत्वाची तपासणी वेगळ्या फंक्शनमध्ये नेल्यावर तो नियम नीट चालला.

या तिन्ही वेळा काय घडले ते पाहा. मशीनचे लक्ष्य एकच होते: एरर जावी, स्क्रीनवर काहीतरी दिसावे. माहिती कुणाची आहे आणि ती कुणाला दिसू नये, हा प्रश्न तिने एकदाही स्वतःहून विचारला नाही. यात मशीनचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. ती इंटरनेटवरच्या असंख्य नमुना-कोडवरून शिकलेली आहे. शिकवणीतल्या नमुन्यात दारे उघडीच ठेवतात, कारण तिथे चोरण्यासारखे काही नसते. आपण तोच नमुना उचलून खऱ्या माणसांच्या माहितीवर बसवतो.

दुसरे कारण जुनेपणाचे. क्लाउड सेवा आपल्या जोडणीच्या पद्धती बदलत राहतात आणि मशीन मात्र कालचे शिकलेले आज सांगते. सुपाबेसने मशीनला देण्यासाठी तयार सूचनापत्रे प्रसिद्ध केली आहेत. लॉगिनसाठीचे 'ऑथ हेल्पर्स' हे जुने पॅकेज वापरू नका, त्याऐवजी 'एसएसआर' हे नवे पॅकेज घ्या, कुकी हाताळण्याची जुनी पद्धत लिहू नका, वाचणे, भरणे, बदलणे आणि पुसणे यांसाठी चार वेगळे नियम लिहा, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. सेवा देणाऱ्या कंपनीलाच मशीनसाठी 'हे कधीही लिहू नकोस' अशी यादी करावी लागते, याचा अर्थ मशीन ते लिहिते!

तिसरे कारण कल्पनाविलासाचे. अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या संशोधकांनी १६ मॉडेल्सकडून कोडचे ५,७६,००० नमुने लिहून घेतले आणि त्यांत सुचवलेली पॅकेजेस खरोखर अस्तित्वात आहेत का ते तपासले. व्यावसायिक मॉडेल्समध्ये सरासरी किमान ५.२ टक्के आणि मुक्त मॉडेल्समध्ये २१.७ टक्के पॅकेजेस मुळात नव्हतीच. एखाद्या लबाड माणसाने त्याच खोट्या नावाचे पॅकेज तयार करून ठेवले, तर आपण त्याला आपल्या हाताने घरात घेतो.

हे आमच्या वस्तीपुरते नाही, हे दाखवणारी उदाहरणे जगासमोर आहेत. 'लव्हेबल' या साध्या भाषेतून ॲप बनवून देणाऱ्या साधनाने तयार केलेली १,६४५ ॲप्स संशोधकांनी तपासली, तेव्हा त्यांतील १७० ॲप्समध्ये हेच नोंदीवरचे नियम नव्हते किंवा अपुरे होते. ही त्रुटी मे २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-४८७५७ या क्रमांकाने सार्वजनिक झाली. जुलै २०२५ मध्ये 'टी' नावाच्या अमेरिकी ॲपमधून सुमारे ७२,००० छायाचित्रे बाहेर पडली. त्यांत सुमारे १३,००० स्त्रियांच्या ओळख-पडताळणीच्या सेल्फी आणि ओळखपत्रांची होती. ते ॲप मशीनने लिहिले होते, असे मी म्हणत नाही. पण स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी काढलेले ॲप उघड्या साठ्यामुळे स्त्रियांनाच धोक्यात घालू शकते, हे त्यातून दिसले. त्याच महिन्यात 'रेप्लिट' या सेवेच्या मशीनने, काही बदलू नकोस असे सांगितलेले असतानाही एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली.

आता आपल्याकडे या. माहिती फुटल्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. सुखवस्तू माणसाचा मोबाइल क्रमांक फुटला तर त्याला नको ते फोन येतात. गावातल्या मुलीचे नाव, जात, पत्ता, कॉलेज आणि फोन एका यादीत फुटले तर तिचे शिक्षण थांबू शकते. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या कुटुंबाची नोंद गावात फुटली तर पुढे काय होते, हे या पानाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो काही हौस म्हणून नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. "आम्ही तर समाजसेवा करतो" ही सबब तिथे चालणार नाही, आणि चालू नये.

विश्वासार्हतेची दुसरी बाजू याहून कमी दिसते, पण आमच्या कामात तीच जास्त मारते. माहिती फुटणे ही एक गोष्ट, माहिती गुपचूप हरवणे ही दुसरी.

सुपाबेसच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत विनंती फसली तर कोड आपोआप थांबत नाही. उत्तराच्या पाकिटात माहितीसोबत 'एरर' नावाचा एक कप्पा येतो. तो उघडून पाहायचा असतो. मशीनने मात्र सवयीप्रमाणे सगळे 'ट्राय-कॅच'मध्ये गुंडाळले आणि खाली लिहिले, 'नोंद जतन झाली'. डेटाबेसने नोंद नाकारली तरी कॅचमध्ये काहीच पकडले जात नव्हते आणि स्क्रीनवर हिरवी अक्षरे उमटत होती. आम्ही मुद्दाम चुकीची नोंद पाठवून पाहिली तेव्हा हे उघड झाले. विचार करा, कार्यकर्ता आईला सांगून निघतो, "मावशी, नाव लागलं बरं का," आणि नाव कुठेच लागलेले नसते. अर्जाची शेवटची तारीख निघून जाते. दोष कुणावर येतो? "तुम्हीच कागद दिला नसेल" असे त्या आईलाच ऐकावे लागते.

दुसरे उदाहरण. या सेवेत एका विनंतीला मूळ मर्यादेप्रमाणे जास्तीत जास्त १,००० नोंदी परत येतात. यादीत १,२०० मुले असतील आणि कोडने पुढची पाने मागितली नाहीत, तर २०० मुले दिसत नाहीत. एरर येत नाही, इशारा येत नाही. आलेल्या नोंदी ॲप इमानदारीने मोजते आणि 'एकूण १,०००' असे सांगते. मोजणीतून वगळले जाणे म्हणजे काय, हे समाजशास्त्राच्या पुस्तकातून मला शिकावे लागले नाही. पण वगळणारा कुणी माणूसच नसेल, कोडमधली न लिहिलेली एक ओळ असेल, तर भांडायचे कुणाशी?

तिसरे, नेटवर्कचे. पत्र्याच्या घरात सिग्नल येतो-जातो. कार्यकर्ता बटण दाबतो, उत्तर येत नाही, तो पुन्हा दाबतो. एकाच मुलीच्या तीन नोंदी होतात. उपाय साधा आहे. फॉर्म उघडताच फोनवरच त्या नोंदीला एक अद्वितीय क्रमांक द्यायचा आणि डेटाबेसला सांगायचे की हा क्रमांक आधीच असेल तर नवी नोंद करू नकोस, तीच अद्ययावत कर. मग दहा वेळा दाबले तरी नोंद एकच राहते. मशीनला हे येते. आम्ही सांगितल्यावर तिने पाच मिनिटांत नीट लिहून दिले. सांगितले नव्हते तोवर लिहिले नव्हते. सगळा मुद्दा हाच आहे.

यावर काही मित्र म्हणतात, "मग हे सोडूनच द्या. आपल्याकडे प्रोग्रामरला द्यायला पैसे नाहीत, वही बरी." हे मला मान्य नाही. ज्या ज्या साधनापासून आपण लांब राहिलो, त्या त्या साधनावर दुसऱ्यांनी मालकी सांगितली. दुसरे मित्र म्हणतात, "एवढे काय तपासत बसता? चालतंय ना!" हेही मला मान्य नाही. मशीन वापरावी, पण तिच्याकडून काय हवे ते आपण सांगावे आणि तिने दिले की नाही ते आपण तपासावे. आमच्या गटाने स्वतःसाठी काही नियम ठरवले आहेत:

१. कोड मागण्याआधी टेबलची रचना आम्ही कागदावर मराठीत लिहितो. कोणता रकाना कशासाठी, याचे उत्तर नसेल तर तो रकाना काढतो. आधार क्रमांक आम्ही ठेवतच नाही. जी माहिती साठवलीच नाही, ती फुटत नाही.

२. कोण काय पाहील, भरेल, बदलेल आणि पुसेल, हे चार वेगळ्या वाक्यांत लिहून मशीनला देतो. नियम डेटाबेसमध्येच लिहायचा, फक्त स्क्रीनवरचे बटण लपवून भागवायचे नाही.

३. सेवेची अधिकृत कागदपत्रे आणि सूचनापत्रे मशीनपुढे ठेवतो. नवे पॅकेज सुचवले तर ते अधिकृत ठिकाणी आहे का, ते पाहिल्याशिवाय घेत नाही.

४. गुप्त किल्ली ॲपमध्ये नाही, गिटहबवर नाही, व्हॉट्सॲपवर नाही.

५. सरावाचा डेटाबेस वेगळा, खरा वेगळा. खऱ्या डेटाबेसला मशीनचा हात लागत नाही. मोफत योजनेत आपोआप बॅकअप मिळत नाही, म्हणून दर रविवारी आम्ही स्वतः प्रत उतरवून घेतो.

६. प्रत्येक बदलानंतर तीन माणसे होऊन तपासतो: लॉगिन न केलेला अनोळखी, दुसऱ्या वस्तीचा कार्यकर्ता आणि त्याच वस्तीचा कार्यकर्ता. पहिल्या दोघांना काही दिसले तर काम थांबते.

७. मशीनला प्रत्येक ओळ मराठीत समजावून सांगायला लावतो. पण तिचे स्पष्टीकरण हा पुरावा मानत नाही. पुरावा म्हणजे चाचणी.

यातले एकही काम करायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. प्रश्न विचारण्याची सवय लागते, आणि ती आपल्याकडे आहे. नसेल तर असली पाहिजे.

दुसऱ्या नियमावर मी विशेष भर देते, कारण त्यात तंत्रज्ञानाइतकेच राजकारण आहे. स्क्रीनवर बटण लपवणे म्हणजे साहेबाच्या चांगुलपणावर विसंबणे. आज साहेब चांगला आहे म्हणून तुमचा कागद कुणाला दाखवत नाही, उद्या बदलला तर? डेटाबेसमधला नियम मात्र ॲप कुणी लिहिले, कसे लिहिले, मशीनने लिहिले की माणसाने, याची पर्वा करत नाही. तो नोंदीच्या दाराशी उभा असतो. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आजच्या ३२ व्या कलमाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. हक्क लिहून ठेवणे पुरेसे नाही, तो मोडला तर दाद मागण्याची सोयही हवी, हे त्यांना ठाऊक होते. एवढ्या मोठ्या गोष्टीची तुलना एका टेबलच्या नियमाशी करण्याचा माझा हेतू नाही. पण विचाराची दिशा तीच आहे. संरक्षण कुणाच्या मर्जीवर ठेवू नका, ते रचनेत ठेवा, आणि ते चालते का, हे तपासण्याचा अधिकार ज्याचे संरक्षण करायचे त्याच्या हातात द्या.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक तालुक्यात आपले अभ्यासवर्ग चालतात. त्यात महिन्यातून एक बैठक आपल्याच ॲपच्या तपासणीची ठेवा. कोड लिहिणारी मुले समोर बसतील आणि ज्यांची नावे त्यात आहेत ती माणसे प्रश्न विचारतील: माझे नाव कुणाला दिसते? मी सांगितले तर ते पुसले जाते का? नोंद झाली नाही तर मला कसे कळेल? या तीन प्रश्नांना उत्तर न देणारा कोड कितीही वेगाने तयार झालेला असो, तो अजून तयार झालेला नाही.

आणि तोवर एवढे तरी कराच. तुमच्या ॲपमध्ये पहिले खरे नाव भरण्याआधी, ते लॉगिन न करता एका परक्या फोनवरून उघडून पाहा. यादी दिसली, तर भरणे थांबवा.

जय भीम.